विषाची साक्ष : फोर्ट विल्यमच्या परिसरातील एक धडा

हुगळी नदीच्या पूर्व काठी, कोलकाता शहराच्या विस्तीर्ण मैदानात फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ साली त्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि १७८१ साली ते पुरे झाले. आज तेथे भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे आहे. २०२५ च्या आरंभी ह्या किल्ल्याचे नाव बदलून ते 'विजयदुर्ग' असे ठेवल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील विजयदुर्गाचे नाव अशा रीतीने गंगेच्या मुखप्रदेशात जाऊन पोहोचले आहे.

कोकणातील विजयदुर्गाने अनेक लढाया पाहिल्या. हुगळीकाठच्या ह्या नव्या किल्ल्यावर मात्र शत्रूच्या वेढ्याचा प्रसंग कधी आला नाही. त्याच्या तटाबाहेर वसलेल्या शहरावर जे शत्रू चालून आले ते निराळ्या प्रकारचे होते. ते तेलाच्या बुधल्यातून आले, विहिरीच्या पाण्यातून आले, सापाच्या दातातून आले. त्यांच्याशी लढणारे लोक म्हणजे वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि आरोग्याधिकारी. ह्या लढ्याच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्टपणे शिकावयास मिळते. विष ओळखणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. आणि ज्यांनी ते ओळखावयाचे त्यांना एकत्र बसण्याची जागा नसेल, तर त्याची किंमत सामान्य माणसाला आपल्या प्राणांनी द्यावी लागते.

न्यायासनापुढील साक्षीदार

'फोर्ट विल्यम' हे नाव केवळ एका किल्ल्याचे नव्हते. १७७४ साली कलकत्त्यात स्थापन झालेले सर्वोच्च न्यायालय 'बंगालमधील फोर्ट विल्यम येथील न्यायालय' म्हणून ओळखले जाई, आणि १८६२ साली त्याच्या जागी आलेल्या उच्च न्यायालयाच्या सनदेतही हेच नाव कायम राहिले. ज्या खटल्यात विषप्रयोगाचा आरोप असे, तेथे न्यायाधीशापुढे एक मोठी अडचण उभी राही. मृताच्या जठरात सोमल होता किंवा नाही, हे साक्षीदाराच्या डोळ्यांना दिसत नाही. ते सांगावयास रसायनशास्त्रज्ञच हवा.

युरोपात ह्या शास्त्राचा पाया नुकताच घातला गेला होता. मातेउ ओर्फिला ह्या स्पेनमध्ये जन्मलेल्या व पॅरिस येथे काम करणाऱ्या वैद्याचा विषांवरील ग्रंथ १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १८३६ साली जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सोमल ओळखण्याची आपली कसोटी जाहीर केली. संशयित पदार्थात जस्त व आम्ल घातले असता सोमलाचा वायू तयार होतो; तो जाळून त्याच्या ज्योतीवर थंड चिनीमातीचे भांडे धरले, की त्यावर आरशासारखा काळसर चकचकीत डाग उमटतो. भारतात अशा परीक्षणासाठी मद्रास येथे १८४९ साली, कलकत्त्यास १८५३ साली आणि मुंबईस १८७० साली सरकारी रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. बंगालच्या वैद्यकीय खात्यातील नॉर्मन चेव्हर्स ह्यांनी १८५६ साली भारतातील न्यायवैद्यकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सोमल, धोतरा, अफू इत्यादी विषांच्या प्रकरणांना मोठे स्थान मिळाले.

परंतु प्रयोगशाळा आणि ग्रंथ असले म्हणजे सारे काम भागते असे नाही. परीक्षकाची चूक झाली तर निरपराधाला फाशी होते किंवा अपराधी सुटतो. त्याची पद्धती बरोबर होती हे ठरवावे कोणी? न्यायाधीशाला रसायनशास्त्र कळत नाही, वकिलाला ते कळत नाही, आणि परीक्षकाने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र द्यावे हेही योग्य नाही. त्याचे काम पारखू शकेल असा वर्ग एकच. तो म्हणजे त्याच्या शास्त्रातील इतर अभ्यासकांचा. व्यावसायिक मंडळाचे पहिले प्रयोजन येथेच दिसते.

कलकत्त्याचे जुने मंडळ

कलकत्त्यातील डॉक्टरांना ही गरज फार लवकर जाणवली होती. १८२३ साली तेथे 'मेडिकल अँड फिजिकल सोसायटी' ह्या मंडळाची स्थापना झाली. दूरदूरच्या छावण्यांत व जिल्ह्यांत नेमलेले शल्यचिकित्सक आपापली निरीक्षणे तेथे पाठवीत. सभेत त्यांचे वाचन होई, चर्चा होई, आणि निवडक निबंध छापले जात. एखाद्या आडगावच्या ठाण्यात एकट्या पडलेल्या डॉक्टरचा अनुभव अशा रीतीने सर्वांचा होई.

१८३५ साली स्थापन झालेल्या कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम ओशॉनेसी हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. भारतात येण्यापूर्वीच लंडनमध्ये त्यांनी मिठाईला लावल्या जाणाऱ्या विषारी रंगांचा शोध घेतला होता. कलकत्त्यास आल्यावर त्यांनी गांजाच्या औषधी व मादक गुणांची तपासणी केली, आणि १८३९ साली आपला निबंध ह्या मंडळापुढे ठेवला. त्यांची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी जुन्या ग्रंथांतील माहिती प्रथम गोळा केली; नंतर प्राण्यांवर प्रयोग केले; आणि त्यानंतरच रुग्णांना मोजक्या मात्रा देऊन परिणाम नोंदविले. कोणता पदार्थ, किती मात्रेत, कोणास, किती वेळाने, काय करतो, हे पाच प्रश्न आजही विषशास्त्राचा कणा आहेत. मात्रेवरच पदार्थाचे विष होणे अवलंबून असते, हे सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्ससचे मत ह्याच पद्धतीने कसोटीस लागते.

मंडळाचे किंवा समितीचे काम नवे ज्ञान स्वीकारण्याइतकेच खोटे दावे नाकारण्याचेही असते. १८६० नंतरच्या दशकात जोसेफ फेरर ह्यांनी कलकत्त्यात सर्पविषावर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८७२ साली भारतातील विषारी सापांवरील आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी सर्पदंशावर शेकडो रामबाण उपाय सांगितले जात. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक हॅलफर्ड ह्यांचा दावा असा होता, की शिरेतून अमोनिया टोचला असता दंश झालेला मनुष्य वाचतो. ह्या दाव्याची तपासणी करण्यासाठी कलकत्त्यात समिती नेमण्यात आली. तिने भारतीय सापांबरोबरच ऑस्ट्रेलियातील सापांच्या विषावरही प्रयोग केले आणि १८७४ च्या आपल्या अहवालात हा उपाय गुणकारी नसल्याचे सांगितले. खरा उतारा सापडावयास आणखी वीस वर्षे लागली; १८९४-९५ च्या सुमारास आल्बेर काल्मेत ह्यांनी प्रतिविष तयार केले. परंतु खोट्या उपायावर विसंबून राहण्याचा मार्ग समितीने आधीच बंद केला होता, ही लहान सेवा नव्हे.

सुजेची साठ वर्षे

आता ज्या प्रकरणात अशा एकत्रित विचाराची उणीव अतिशय महाग पडली, त्याकडे वळू.

१८७७ साली कलकत्त्यात एक नवी व्याधी दिसू लागली. प्रथम पोट बिघडे, मग दोन्ही पायांवर सूज चढे, त्वचा लालसर होई, दम लागे, आणि कित्येक रुग्णांचे हृदय थकून मृत्यू येई. काहींच्या डोळ्यांतील दाब वाढून दृष्टी जाई. एकाच घरातील बहुतेक माणसे एकदम आजारी पडत. परंतु केवळ आईच्या दुधावर असलेली तान्ही मुले सुरक्षित राहत. लवकरच मॉरिशस बेटावर गेलेल्या भारतीय मजुरांतही ही व्याधी आढळली. डॉक्टरांनी तिला 'साथीची सूज' असे नाव दिले.

ती कशाने होते ह्याविषयी मतामतांचा गलबला झाला. कोणी म्हणे हा संसर्ग आहे. कोणी म्हणे ही बेरीबेरीचीच एक जात आहे. १९२० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील ॲक्टन व रामनाथ चोप्रा ह्या दोन विद्वानांनी असे मत मांडले, की साठवणीत बिघडलेल्या तांदळातील विषामुळे ही सूज येते. हे मत निराधार म्हणून टाकून देण्यासारखे नव्हते. बंगाली माणूस रोज भात खातो. सूज आलेली कुटुंबेही भात खात. परंतु तीच कुटुंबे मोहरीचे तेलही रोज खात. दोन पदार्थ नेहमी एकाच ताटात येत असतील, तर अपराधी कोणता हे ताटाकडे पाहून कळत नाही.

१९२६ साली सरकार नावाच्या बंगाली डॉक्टरांनी ह्या तेलाकडे बोट दाखविले. मोहरीच्या तेलात एका काटेरी रोपट्याच्या बियांचे तेल मिसळलेले असते आणि तेच रोगाचे कारण आहे, असे त्यांनी कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. हे रोपटे महाराष्ट्रातही सर्वांच्या परिचयाचे आहे. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात वाढणारा, पिवळ्या फुलांचा आणि पांढुरके ठिपके असलेल्या काटेरी पानांचा पिवळा धोतरा तो हाच. त्याचे बी काळसर, बारीक व गोल असून ते मोहरीत मिसळल्यास सहज ओळखू येत नाही. दोन्ही बिया जवळजवळ एकाच हंगामात पिकतात. त्यामुळे भेसळ जाणूनबुजून होते तशी ती निष्काळजीपणानेही होऊ शकते. १९२८ साली आंध्र किनाऱ्यावरील विशाखापट्टण येथून कामत ह्या डॉक्टरांनीही असाच निष्कर्ष कळविला.

तरीही प्रश्न लगेच मिटला नाही. १९३२ साली कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था स्थापन झाली. तेथील लाल व रॉय ह्यांनी रोगग्रस्त घरांची पद्धतशीर पाहणी केली. कोणते घर कोणते तेल वापरते आणि सूज कोणत्या घरात येते, ह्याचा मेळ त्यांनी घातला आणि १९३७ साली पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाविरुद्धचा पुरावा मांडला. १९३९ साली चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे तेल दिल्यास माणसात तीच लक्षणे उत्पन्न होतात, हे प्रयोगाने दाखविले. १९४८ साली ह्या तेलातील सँग्विनरीन व त्याच्या जातीचे दुसरे एक द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि विषाला अखेर रासायनिक नाव मिळाले.

येथे क्षणभर थांबणे उचित होईल. ज्या चोप्रांनी तांदळाचे मत मांडले होते, त्यांच्याच नावावर १९३९ चा हा निर्णायक निबंध आहे. स्वतःचे मत पुराव्यापुढे सोडून देणे हे शास्त्रज्ञाचे मोठे भूषण होय. तथापि १८७७ पासून १९३७ पर्यंत साठ वर्षे गेली. आणि पहिला स्पष्ट इशारा मिळाल्यानंतरही अकरा वर्षे गेली. रुग्णाची लक्षणे डॉक्टरला ठाऊक होती. भेसळीच्या युक्त्या तेलघाणीवाल्याला व बाजारातील निरीक्षकाला ठाऊक होत्या. बियांची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाला होती. तेलातील द्रव्ये शोधण्याची विद्या रसायनशास्त्रज्ञाला होती. एका कोड्याचे तुकडे चौघांच्या खिशात होते. ते सर्व तुकडे एका मेजावर मांडण्यास भाग पाडणारे, विषांच्या प्रश्नालाच वाहिलेले असे मंडळ त्या वेळी नव्हते.

मंडळ काय करते

अशी मंडळे पुढे निर्माण झाली. अमेरिकेत १९६१ साली नऊ शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन विषशास्त्रज्ञांचे मंडळ स्थापन केले. भारतात १९६५ साली लखनौ येथे औद्योगिक विषशास्त्राचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि १९७९ साली भारतीय विषशास्त्रज्ञांचे मंडळ स्थापन झाले. १९८० साली निरनिराळ्या देशांतील अशा मंडळांचा आंतरराष्ट्रीय संघही अस्तित्वात आला.

अशा मंडळाची कामे मुख्यत्वे पाच आहेत. पहिले, पद्धतींची एकवाक्यता. तेलाच्या नमुन्यात तीव्र नत्राम्ल घालून हलविले असता नारिंगी-तांबडा रंग आला, तर पिवळ्या धोतऱ्याची भेसळ असल्याचा संशय घेता येतो. परंतु ही कसोटी किती सूक्ष्म भेसळ पकडते, कोठे फसते, आणि तिच्यानंतर कोणती अधिक काटेकोर परीक्षा करावी, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. एकच नमुना कोलकात्यात निर्दोष आणि पुण्यात सदोष ठरला, तर कायदा चालू शकत नाही.

दुसरे, नियतकालिक व सभा. तेथे प्रत्येक दावा समकक्ष अभ्यासकांच्या टीकेतून जातो. तिसरे, शिक्षण, कारण विषशास्त्र हे वैद्यक, रसायन, वनस्पतिशास्त्र व संख्याशास्त्र ह्यांच्या सीमेवर वसलेले असल्याने त्याचा विद्यार्थी कोणत्याच एका वर्गात पुरता घडत नाही. चौथे, सदाचाराचे नियम. कारखानदाराच्या पैशाने संशोधन करणाऱ्याने ते उघड सांगावे. साक्षीसाठी उभे राहणाऱ्याने जितके ज्ञात आहे तितकेच सांगावे. माणसांवर व प्राण्यांवर प्रयोग करताना मर्यादा पाळाव्यात. पाचवे, आणि समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम, म्हणजे धोक्याची सूचना वेळेवर व समजेल अशा भाषेत देणे.

ह्यातील दुसऱ्या कामाचे महत्त्व महाराष्ट्रातील एका उदाहरणाने पटेल. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः मुले, दगावत. रायगड जिल्ह्यातील महाड भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून हृदयावर होणारे परिणाम टिपले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'द लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे त्यांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तालुक्याच्या गावातील डॉक्टरची नोंद जगापुढे गेली, तपासली गेली आणि उपचाराचा भाग झाली. १८२३ च्या कलकत्त्याच्या मंडळाने जो मार्ग आखला होता, तो हाच.

विहिरीतील सोमल

रासायनिक परीक्षक ज्या सोमलाचा शोध खुनाच्या खटल्यात घेत असत, तोच सोमल शंभर वर्षांनी कोलकात्याच्या वैद्यांपुढे पुन्हा उभा राहिला. परंतु ह्या वेळी कोणीही खुनी नव्हता. १९८३ साली उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञ क्षितीशचंद्र साहा ह्यांच्याकडे ग्रामीण भागातून काही रुग्ण आले. त्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके होते आणि तळहात-तळपाय जाड व खरखरीत झाले होते. साहांनी ही दीर्घकालीन सोमलबाधा असल्याचे ओळखले. तिचे मूळ निघाले कूपनलिकांच्या पाण्यात.

पटकी व हगवण पसरविणाऱ्या तळ्यांच्या पाण्यापासून लोकांना वाचविण्यासाठीच ह्या कूपनलिका खणल्या गेल्या होत्या. गंगेच्या गाळात लोहाच्या संयुगांना चिकटलेला सोमल निसर्गतःच असतो. भूगर्भातील ज्या थरांत प्राणवायू पोहोचत नाही, तेथे लोहाची ही संयुगे विरघळतात आणि त्यांच्यासोबत सोमल पाण्यात उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी १९८८ पासून गावोगाव पाण्याचे नमुने तपासू लागले आणि प्रश्नाची व्याप्ती उघड झाली. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील सोमलाची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमवरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. ही मर्यादा एका प्रयोगशाळेच्या किंवा एका देशाच्या मतावर ठरत नाही. अनेक देशांतील अभ्यासकांनी एकमेकांचे पुरावे तपासल्यावरच ती ठरते.

मर्यादा आणि जबाबदारी

ह्याचा अर्थ असा नव्हे की मंडळ स्थापन झाले म्हणजे संकट टळले. १९८८ साली कोलकात्याच्या बेहाला भागात खाद्यतेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे औद्योगिक रसायन मिसळले जाऊन अनेकांचे हातपाय लुळे पडले. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाने पुन्हा साठाहून अधिक बळी घेतले. त्या वेळी कारण शोधावयास साठ वर्षे लागली नाहीत. ज्ञान तयार होते. उणीव होती ती बाजारातील दक्षतेची.

विषशास्त्रज्ञांचे मंडळ हे न्यायालय नव्हे, सरकारही नव्हे. त्याला दुकानास टाळे ठोकता येत नाही किंवा विहीर बंद करता येत नाही. शिवाय कोणत्याही व्यवसायाच्या मंडळाप्रमाणे त्यालाही आपल्याच सभासदांची पाठराखण करण्याचा मोह होऊ शकतो. धनवान उद्योगाच्या दडपणाखाली सावध शब्दांत बोलण्याचाही होऊ शकतो. म्हणूनच त्याची पुस्तके खुली असावीत आणि त्याचे मतभेद लपविलेले नसावेत, ही अपेक्षा समाजाने ठेवणे रास्त आहे. 'आम्हास ठाऊक नव्हते' असे म्हणावयास अधिकाऱ्यास व व्यापाऱ्यास जागा उरू देऊ नये, इतके जरी अशा मंडळाने साधले तरी त्याने आपले कर्तव्य केले असे म्हणावयास हरकत नाही.

हुगळीकाठचा किल्ला आजही आपल्या तटबंदीत उभा आहे. त्याच्या आसपासच्या शहरातील घराघरांत रोज कढईत मोहरीचे तेल तापते. ते तेल निर्धोक आहे असा विश्वास गृहिणीला वाटतो, तो १९२६ च्या एका निबंधावर, १९३७ च्या घरोघरच्या पाहणीवर आणि आजही प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या माणसांवर उभा आहे. शाळेतील विद्यार्थ्याने रस्त्याच्या कडेला पिवळे फूल मिरविणारे ते काटेरी झुडूप पाहिले, तर त्याला ओळखावे आणि त्याची ही कथा आठवावी. एक लहानसे बी ओळखावयास एका महानगराला साठ वर्षे लागली होती.